अंडी लाखो, जागा मोजक्या: कार्ल म्योबियसचा कालवांचा हिशेब

दरवर्षी १ जून उजाडला की महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या यांत्रिक होड्या बंदरात येऊन थांबतात आणि पावसाळी मासेमारीबंदीच्या बातम्या सुरू होतात. २०२३ मध्ये तर राज्य सरकारनं ५४ जातींच्या मासळीचा किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा धरायचा नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मानही मिळाला. अशा बातम्या वाचताना एक प्रश्न हमखास पडतो: एकेक मासळी हजारांनी, लाखांनी अंडी घालते. मग थोडी जास्त धरली तर ती संपेल कशी? दोन माद्या उरल्या तरी समुद्र पुन्हा भरायला हवा ना?

प्रश्न बावळट नाही. दीडशे वर्षांपूर्वी प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या एका बलाढ्य जर्मन राज्याच्या, सरकारलाही असंच वाटत होतं. फक्त त्यांचा प्रश्न माशांचा नव्हता, कालवांचा होता. उत्तर शोधायला त्यांनी कील शहरातल्या एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाला कामाला लावलं. कार्ल आउगुस्ट म्योबियस त्याचं नाव. (कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोकं जोडायची ती प्रसिद्ध ‘मोबियसची पट्टी’ एका गणितज्ञाच्या नावाची आहे. तो हा नव्हे.) सरकारला हवा होता धंद्याचा सल्ला. म्योबियसनं तो दिलाच, पण देता देता निसर्गाकडे बघायची एक नवी रीतही मांडली. आज वर्तमानपत्रात ‘परिसंस्था ढासळली’ असं आपण सहज वाचतो, त्या विचाराचं एक मूळ या कालवांच्या अहवालात आहे.

शाळामास्तर

म्योबियसचा जन्म ७ फेब्रुवारी १८२५ चा, लायपझिगजवळच्या आयलेनबुर्ग या लहान गावातला. बारा वर्षांचा असतानाच त्याला शिक्षकी पेशाच्या तयारीला घातलं गेलं. १८४४ मध्ये परीक्षा उत्तम गुणांनी पास होऊन तो हार्त्स डोंगररांगेच्या कडेला झेसेन इथं मास्तर झाला. तेव्हा जर्मन तरुणांवर अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या निसर्गशास्त्रज्ञाच्या प्रवासवर्णनांची मोहिनी होती. म्योबियसही त्यातलाच. पाच वर्षं शिकवल्यावर त्यानं नोकरी सोडली आणि १८४९ मध्ये बर्लिन गाठून निसर्गविज्ञानाचं शिक्षण घेतलं.

तिथून निघाला तो पुन्हा शाळेतच. १८५३ पासून हॅम्बुर्गच्या योहानेउम या नावाजलेल्या शाळेत तो प्राणिशास्त्र, खनिजशास्त्र, भूगोल, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र असं सगळंच शिकवायचा. विद्यापीठातल्या एका खोलीत बसून एकाच किड्याच्या पायांवर आयुष्य घालवणाऱ्या विद्वानांपेक्षा त्याची नजर वेगळी घडली, याला ही खिचडी कारण असावी असं मला वाटतं. पाण्याचा खारटपणा, तापमान, तळाची माती आणि त्यात राहणारा प्राणी हे त्याच्यासाठी चार वेगळ्या तासांचे विषय नव्हते.

हॅम्बुर्गमध्येच त्याची हाइनरिश आडोल्फ मायर या हस्तिदंताच्या व्यवसायातल्या कारखानदाराशी मैत्री जमली. मायरला समुद्री प्राण्यांचं वेड होतं. दोघांनी मिळून कीलच्या उपसागरातल्या प्राण्यांची पाहणी केली आणि तिचे दोन खंड १८६५ आणि १८७२ मध्ये काढले. नुसती नावांची जंत्री न देता कोणता प्राणी किती खोलीवर, कशा तळावर, कोणत्या पाण्यात सापडतो याची नोंद त्यांनी केली. हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयात खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय उभं करण्यातही म्योबियसचा पुढाकार होता. जर्मनीतलं ते तशा प्रकारचं पहिलंच. १८६८ मध्ये त्याला कील विद्यापीठात प्राणिशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता.

सरकारला कालवांचं काय पडलं होतं?

श्लेस्विग-होल्श्टाइन हा प्रांत डेन्मार्ककडून निघून १८६० च्या दशकात प्रशियाच्या हाती आला. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, झिल्ट, आमरुम, फ्योर या बेटांच्या आसपास, उत्तर समुद्रातले कालवांचे थर होते. १५८७ मध्ये डेन्मार्कच्या राजानं हे थर राजाच्या मालकीचे ठरवले होते. तेव्हापासून ते मक्त्यानं दिले जायचे. प्रांताबरोबर मालकीही बदलली आणि मक्त्याचं उत्पन्न प्रशियाच्या तिजोरीत येऊ लागलं.

नेमकी त्याच काळात रेल्वे पसरली होती. किनाऱ्यावर काढलेलं कालव ताजंच्या ताजं शहरातल्या हॉटेलात पोचू लागलं. मागणी वाढली, भाव चढले. शेजारी फ्रान्समध्ये तर सरकारी पाठबळानं कालवांच्या कृत्रिम पैदाशीचे मोठे प्रयोग चालले होते आणि त्यांची युरोपभर वाहवा होत होती. मग आपल्या किनाऱ्यावर हे का नको? थर वाढवता येतील का, कालवं ‘पेरता’ येतील का, हे शोधायला शेतीखात्यानं म्योबियसला १८६८ ते १८७० या काळात पाहणीवर लावलं. त्यानं जर्मन किनारा पाहिला, फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या कालवांच्या जागा पाहिल्या. पहिला अहवाल १८७० मध्ये आला आणि सगळ्याचं सार सांगणारं पुस्तक १८७७ मध्ये: कालव आणि कालवांचा व्यवसाय या विषयावरचं.

कालव जगतं कसं

कोकणात ओहोटीला खडकावर बसून बायका फोडतात ती कालवं आणि म्योबियसनं अभ्यासलेलं युरोपचं चपटं कालव ही भावकीतली, पण जात एक नव्हे. आपली खडकावर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात चिकटलेली असतात. ती चपटी कालवं पाण्याखाली, वाळूच्या पठारांमधून जाणाऱ्या खोलगट खाड्यांच्या उतारावर थरच्या थर करून राहायची.

या चपट्या कालवाची मादी अंडी पाण्यात सोडून मोकळी होत नाही. नराचं बीज श्वासाच्या पाण्याबरोबर आत येतं आणि पिल्लं काही दिवस आईच्या शिंपल्यातच वाढतात. (नर आणि मादी म्हणतोय खरं, पण एकच कालव आयुष्यात आलटूनपालटून दोन्ही भूमिका बजावतं.) मग एके दिवशी पिल्लांचा धुरकट ढग बाहेर पडतो. साध्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढी ही पिल्लं आठवडा-दोन आठवडे पाण्यात तरंगतात. तेवढ्या अवधीत त्यांना टणक, स्वच्छ जागा मिळाली पाहिजे. खडा, दुसरं कालव किंवा मेलेल्या कालवाचा शिंपला, काहीही चालतं. मिळाली तर पिल्लू डावी शिंपली तिथं चिकटवतं आणि जन्मभर तिथंच राहतं. खाली चिखल लागला तर गुदमरून मरतं. हलती वाळू लागली तर गाडलं जातं. चिकटताना एकदा चुकलं की दुसरी संधी नाही.

जाळ्यात आलं ते सगळं मोजलं

कालवं काढायची पद्धत म्हणजे शिडाच्या होडीमागून तळावरून लोखंडी चौकटीचं जाळं ओढत न्यायचं. मक्तेदाराला त्यातली विकण्याजोगी कालवं हवीत, बाकी सगळं कचरा. म्योबियस त्या कचऱ्यापाशीच रेंगाळला.

त्यात काय होतं? मेलेल्या शिंपल्या, त्यांवर बार्नॅकलचे पांढरे सुळके, स्पंज, समुद्रफुलं, नळ्या बांधून राहणारे किडे, रिकाम्या शंखात घर केलेले खेकडे, तारामासे, काटेरी गोळ्यासारखे समुद्री अर्चिन. एक मऊ, फांद्या फुटलेला पोवळ्याचा भाऊबंद होता, त्याला तिथले लोक ‘मेलेल्या माणसाचा हात’ म्हणायचे. फुगलेल्या बोटांसारखा दिसतो म्हणून. एकाच कालवाच्या पाठीवर शंभराहून जास्त जीव चिकटलेले त्यानं मोजले. तेच जाळं थराबाहेरच्या वाळूत ओढलं तर यातले बरेचसे प्राणी दिसत नसत.

म्योबियसला इथं पहिली गोष्ट उमगली. थरावर कालवं राहतात म्हणून ते बाकीचे तिथं आहेत. कालवांच्या शिंपल्यांनीच टणक तळ पुरवलाय. पण त्याच बाकीच्यांतले काही कालवांचं अन्न वाटून घेतात, काही त्यांच्या पिल्लांची जागा अडवतात, काही तर कालवांनाच खातात. कालवांचा हिशेब करायचा तर या सगळ्यांना हिशेबात धरल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मग लाखो पिल्लांचं होतं काय?

आता मूळ प्रश्न. पूर्ण वाढलेलं एक कालव एका वेळी दहा लाखांच्या घरात पिल्लं देऊ शकतं. थरांवर वाढलेली कालवं किती आणि त्यांची जागा घ्यायला तयार होत असलेली अर्धवाढ कालवं किती, याच्या नोंदी म्योबियसनं तपासल्या. दर हजार मोठ्यांमागे चारशेच्या आसपास अर्धवाढ, असं प्रमाण निघालं. त्यावरून मागे जात त्यानं काढलं की जन्मलेल्या दहा लाखांहून जास्त पिल्लांमागे एखादंच मोठं होतं.

इतकी प्रचंड संख्या बघून ‘मुबलक आहे’ असं आपल्याला वाटतं. म्योबियसनं ती उलटी वाचली. इतकी पिल्लं द्यावी लागतात, कारण जगण्याची शक्यता इतकी कमी आहे. लाखो पिल्लं म्हणजे शिल्लक नव्हे. तो केवळ टिकून राहण्याचा खर्च.

सकाळी ठाण्याहून सुटणारी लोकल डोळ्यांपुढे आणा. फलाटावर पाच हजार लोक असोत की पन्नास हजार, गाडीतल्या बसायच्या जागा तेवढ्याच. गर्दी दुप्पट झाली म्हणून बसणारे दुप्पट होत नाहीत. म्योबियसचं म्हणणं हेच होतं: थरावर किती कालवं राहतील हे जन्मणाऱ्यांच्या संख्येवर नव्हे, तर जागा आणि अन्न किती यावर ठरतं. आणि लोकलची दुसरी बाजूही त्याला दिसली होती. उठलेल्या माणसाची जागा त्याच्या घरच्यांसाठी राखीव राहत नाही, जवळ उभा असेल तो बसतो. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर रोशफोर, मारेन आणि ओलेराँ बेट या भागात कालवं भरमसाट काढली गेली, तेव्हा रिकाम्या तळावर कालवांची पिल्लं आलीच नाहीत. तिथं शिनाणे आणि तिसऱ्यांच्या जातकुळीतली गोलसर शिंपली येऊन बसली. नंतर कालवांची पिल्लं आली तरी अन्न वाटलं गेलं होतं, तळ व्यापला होता.

‘दोन माद्या उरल्या तरी पुरे’ या समजुतीचं खंडन इथं होतं. माद्या उरल्या तरी त्यांच्या पिल्लांना चिकटायला आधीच्या पिढ्यांच्या शिंपल्या लागतात. लोखंडी जाळ्यानं कालवांबरोबर त्या शिंपल्याही उपसून नेल्या की मागे चिखल उरतो.

यातून सरकारसाठी त्यानं व्यवहारी नियम काढला. मोठ्या झालेल्या कालवांपैकी दरवर्षी तेवढीच काढा, जेवढी अर्धवाढ कालवं त्यांच्या जागी यायला तयार आहेत. त्यापुढे गेलात तर व्याज नव्हे, मुद्दल खाताय. भाव चढला म्हणून थर जास्त पिकत नाही, हेही त्यानं बजावलं. जंगलं राखणं जसं राज्यकर्त्यांचं काम, तसंच कालवांचे थर राखणंही, असं त्याचं स्पष्ट मत होतं.

त्याला त्यानं नाव दिलं

एका ठिकाणी, तिथल्या माती-पाण्याच्या परिस्थितीला धरून, एकमेकांवर अवलंबून आणि एकमेकांशी स्पर्धा करत राहणाऱ्या सगळ्या जीवांच्या मेळाला म्योबियसनं ‘बायोसेनोसिस’ म्हटलं. आपण जीवसमुदाय म्हणू. योग्य तळ, पुरेसं अन्न, पाण्यात हवा तेवढा खारेपणा आणि सोसेल असं तापमान, इतकं जमून आलं की तिथं ठराविक जाती ठराविक प्रमाणात नांदतात. यातली एक गोष्ट बदलली किंवा एका जातीची संख्या माणसानं जबरदस्तीनं घटवली-वाढवली, की बाकीच्यांचंही प्रमाण हलतं.

परिसरशास्त्राला (इकॉलॉजीला) जर्मनमध्ये नाव मिळालं होतं ते १८६६ मध्ये, अर्न्स्ट हेकेल या प्राणिशास्त्रज्ञाकडून. हेकेल प्रसिद्ध, वादप्रिय, झळाळता माणूस. त्यानं नाव दिलं आणि तो पुढे गेला. त्या नावाखाली प्रत्यक्ष काय मोजायचं हे दाखवलं ते म्योबियससारख्यांनी, ओल्या जाळ्यापाशी उभं राहून. ‘परिसंस्था’ ही कल्पना, म्हणजे जीवांबरोबर माती, पाणी, हवा यांनाही एकाच व्यवस्थेत धरणं, ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सलीनं १९३५ मध्ये मांडली. म्योबियसच्या थरापासून ती फार लांब नाही.

ही कल्पना विद्यापीठात अडकून राहिली नाही याचं मला जास्त कौतुक आहे. कीलमधल्याच फ्रीडरिश युंगे या शाळाशिक्षकानं तिच्या आधारानं १८८५ मध्ये पुस्तक लिहिलं. गावातलं तळं हा एक जीवसमुदाय मानून मुलांना निसर्ग कसा शिकवावा, हा त्याचा विषय. प्राण्यांची वर्गवारी घोकून घेण्यापेक्षा बेडूक, शेवाळ, चतुर आणि बदक यांचा एकमेकांशी काय संबंध ते तळ्याच्या काठावर दाखवा, असा त्याचा आग्रह. जर्मन शाळांत हा विचार चांगलाच रुजला. एका माजी मास्तरचं काम दुसऱ्या मास्तरनं वर्गात नेलं.

तर शेती करा, असं का नाही सांगितलं?

फ्रान्समध्ये आर्काशोंच्या उपसागरात कालवांची पैदास चांगली चालली होती. मग म्योबियसनं उत्तर जर्मनीसाठी नकार का दिला?

त्याची कारणं साधी आहेत. बाल्टिक समुद्राचं पाणी बेताचंच खारट, या कालवाला ते पुरत नाही. तिथं ते वाढणारच नाही. पश्चिम किनाऱ्याला खारेपणा आहे, पण किनाऱ्यालगतचा भाग ओहोटीला मैलोन्मैल उघडा पडतो. हिवाळ्यात तिथं बर्फ साचतं, कालवं गोठून मरतात. वादळात वाळू आणि चिखल जागा बदलतात. फ्रेंच पद्धतीच्या उथळ कुंडांना लागतो तो सौम्य हिवाळा आणि शांत पाणी, दोन्ही नाहीत. थोडक्यात, जिथं थर आहेत तिथंच ते असण्याला कारणं आहेत, आणि जिथं नाहीत तिथं नसण्यालाही.

पैसा गुंतवायला उत्सुक असलेल्या सरकारला हे ऐकवणं फार सुखाचं नसावं. कितीतरी सल्लागार अशा वेळी ‘प्रायोगिक तत्त्वावर’ काहीतरी सुरू करायला सुचवतात.

‘पण आज तर झिल्टवर कालवांची शेती चालते!’

चालते. १९८० च्या दशकापासून झिल्टच्या उत्तर टोकाला कालवं वाढवली जातात आणि जर्मन हॉटेलांत ती मिरवतात. म्हणजे म्योबियस चुकला?

ती जात वेगळी आहे. मूळची पॅसिफिक महासागराची, जास्त दणकट. तीसुद्धा हिवाळ्यात बाहेर ठेवत नाहीत. पिशव्यांत वाढवलेली कालवं बर्फाच्या आधी उचलून आत, समुद्राच्या पाण्याच्या हौदांत आणून ठेवतात. म्योबियसनं सांगितलेली अडचण तशीच आहे, फक्त आज तिच्यावर खर्च करणं परवडतं.

पण त्याच्या हिशेबात न बसणारी गोष्टही घडली. शेतातून निसटलेली पॅसिफिक कालवं उन्हाळे उबदार होत गेले तशी वाडन समुद्रात (उत्तर समुद्राच्या याच उथळ, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या किनारपट्टीत) मोकळी पसरली आणि शिनाण्यांच्या थरांवर जाऊन बसली. सुरुवातीला शिनाणे संपणार अशी भीती होती. पुष्कळ ठिकाणी दोघं एकत्र राहू लागलेत. आधी नव्हता असा एक मिश्र समुदाय तिथं तयार झालाय.

आणि मूळची चपटी कालवं? ती गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थर घटत गेले आणि १९५० च्या सुमाराला जर्मन वाडन समुद्रातून ही जात नाहीशी झाली. मधल्या काळात कडक हिवाळे आले हे खरं. पण कडक हिवाळे आधीच्या शतकांतही येतच होते. मोठी कालवं पुरेशी उरलेली असताना थर त्यातून सावरायचे.

म्योबियसचा असा कल होता की त्रास थांबला की समुदाय आपल्या जुन्या तोलावर परत येतो. इथं मात्र तो जरा जास्तच आशावादी ठरला. जाळी थांबल्यानंतरही चपटी कालवं आपसूक परतली नाहीत. त्यांच्या गेलेल्या शिंपल्यांबरोबर त्यांची जमीनच गेली होती.

समुदाय खराच असतो, की आपण मानतो?

हा आक्षेप पुढच्या शास्त्रज्ञांनी घेतला आणि तो वजनदार आहे. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री ग्लीसननं १९२६ मध्ये मांडलं की प्रत्येक जात आपापल्या गरजेप्रमाणे जिथं जमेल तिथं वाढते. आपल्याला दिसतो तो ‘समुदाय’ म्हणजे योगायोगानं शेजारी आलेल्या जाती. त्यांचं काही एक घर नाही, त्याला सीमा नाहीत. उलट बाजूला फ्रेडरिक क्लेमेंट्ससारखे लोक समुदायाला जवळपास एक सजीव देह मानत होते.

म्योबियस या दोन टोकांच्या मधे कुठेतरी उभा आहे. थराला जीव आहे असं तो म्हणत नाही. पण कालवांच्या थराची सीमा जाळ्यात दिसते, हेही खरं: इकडे ओढलं तर वेगळं येतं, तिकडे ओढलं तर वेगळं. माझं मत विचाराल तर त्याचं नशीब की त्यानं कालवं निवडली. जो प्राणी स्वतःच्या देहानं जमीन बांधतो, त्याच्याभोवती समुदाय ठळक दिसणारच. गवताळ रानात किंवा खुल्या समुद्रात त्याच कल्पनेची कड धूसर होते. त्याचाच विद्यार्थी फ्रीडरिश डाल यानं १९०८ मध्ये ‘बायोटोप’ ही कल्पना देऊन जागा आणि जागेवरचे जीव वेगळे करून बघायची सोय केली. त्यानं गोंधळ थोडा कमी झाला.

मॉरिशस आणि एक दगड

१८७४-७५ मध्ये म्योबियस मॉरिशस आणि सेशेल्सला जाऊन आला आणि तिथल्या समुद्री जीवांवर त्यानं मोठा ग्रंथ काढला. तिथंच फोरामिनिफेरा या, चुनकळीची घरं बांधणाऱ्या एकपेशीय जीवांचा त्याला नाद लागला आणि तो ‘इओझून’च्या भांडणात ओढला गेला.

कॅनडातल्या अतिप्राचीन खडकांत पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची एक रचना सापडली होती. जॉन विल्यम डॉसन या भूशास्त्रज्ञानं ती जगातल्या सर्वांत जुन्या प्राण्याचा, एका अवाढव्य फोरामिनिफेराचा, अवशेष असल्याचं १८६० च्या दशकात जाहीर केलं. पृथ्वीवरच्या जीवनाचा उगम सापडला म्हणून गाजावाजा झाला. म्योबियसनं सुरुवात केली ती हा प्राणीच आहे हे पक्कं करण्याच्या उमेदीनं. दगडाचे पातळ काप करून त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, चित्रं काढली, खऱ्या फोरामिनिफेरांशी ताडून पाहिली. खऱ्या प्राण्याच्या नळ्या नियमानं पसरतात. दगडातल्या वाटेल तशा, वाटेल त्या जाडीच्या होत्या. १८७८ मध्ये त्यानं छापून टाकलं की हा प्राणी नाही, खनिजांचीच करामत आहे. डॉसन चिडला, त्यानं उत्तरं दिली, पण १८९४ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरातल्या दगडांतही हुबेहूब तसेच पट्टे सापडले. तापलेल्या दगडात कुठला प्राणी असणार?

कालवांबाबत सरकारला आणि इओझूनबाबत स्वतःच्या व्यवसायबंधूंना, दोघांनाही त्यानं ‘नाही’ सांगितलं. दोन्ही वेळा समोरच्याला ‘हो’ हवं होतं.

संग्रहालयाचे दोन भाग

कीलमध्ये त्याच्या आखणीनुसार नवं प्राणिशास्त्र संग्रहालय उभं राहिलं, १८८१ मध्ये ते खुलं झालं. १८८८ मध्ये तो बर्लिनला प्राणिसंग्रहाचा संचालक म्हणून गेला. तिथं इनवालिडनश्ट्रासवर नव्या निसर्गविज्ञान संग्रहालयाची इमारत जवळजवळ तयार होती. मूळ बेत असा की असेल-नसेल ते सगळं लोकांना दाखवायचं, मजल्यामागून मजले. म्योबियसनं तो बदलायला लावला. खालच्या मजल्यावर लोकांसाठी निवडक आणि समजेल असं प्रदर्शन, वर अभ्यासकांसाठी संपूर्ण साठा. १८८९ मध्ये संग्रहालय याच पद्धतीनं उघडलं. चाळीस सारख्या दिसणाऱ्या पाली ओळीनं बघून सामान्य माणूस थकतो, हे मास्तरकी केलेल्याला सांगावं लागत नाही. आज बहुतेक मोठी संग्रहालयं असंच करतात, त्यामुळे यात काही शोध लागलाय असं आपल्याला वाटतच नाही.

१९०५ मध्ये, ८० वर्षांचा झाल्यावर, त्यानं काम सोडलं. २६ एप्रिल १९०८ रोजी बर्लिनमध्ये तो वारला. त्याच वर्षी त्याचं शेवटचं पुस्तक निघालं, प्राण्यांच्या सौंदर्याविषयीचं. माणसाला काही प्राणी देखणे आणि काही किळसवाणे का वाटतात, हा त्याचा विषय.

आता काय चाललंय

गेल्या दहा-बारा वर्षांत जर्मनीनं चपटं कालव परत आणायचं ठरवलंय. आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे शास्त्रज्ञ हेलगोलंड बेटावर पिल्लं तयार करतात आणि उत्तर समुद्रात, बोर्कुम बेटाजवळच्या संरक्षित भागात, नवा थर बसवायचा प्रयत्न करतात. यात पहिली पायरी पिल्लं सोडण्याची नाही, तळ तयार करण्याची आहे. दगड आणि शिंपल्या टाकून टणक जागा करावी लागते, आणि ती जागा अशी निवडावी लागते की जिथं तळ खरवडणारी जाळी फिरत नाहीत. पवनचक्क्यांची समुद्रातली क्षेत्रं या कामाला सोयीची पडतील का याचाही अभ्यास होतोय, कारण तिथं तशी मासेमारी मुळात करता येत नाही.

दुसरी अडचण म्योबियसच्या काळात नव्हती. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बोनामिया नावाच्या परजीवीनं युरोपातल्या चपट्या कालवांना ग्रासलंय. फ्रान्स, हॉलंड, इंग्लंड इथल्या कित्येक थरांत तो मुरलाय. म्हणून तिथून मोठी कालवं उचलून आणून टाकायची सोय नाही. निरोगी पिल्लं स्वतःच्या उबवणीत तयार करायची, ती बोटाच्या पेराएवढी होईपर्यंत सांभाळायची आणि मगच समुद्रात सोडायची, असं ते काम आहे. पिल्लांची संख्या वाढवायला शास्त्रज्ञांना जमतंय. त्यांचा बराचसा वेळ तळ शोधण्यात जातो.